वेगळे फडताळ की वेगळी चूल?

घरात सुना वाढल्या की आधी फडताळे वेगळी होतात. एकीचा चहा-साखरेचा डबा वरच्या कप्प्यात, दुसरीचा खालच्या. स्वयंपाक मात्र एकाच चुलीवर होतो. पुढे कधीतरी चूलही वेगळी होते. मग दोन सिलिंडर येतात, दोन दुधाचे रतीब लागतात, आणि वाटीभर साखर हवी असली तरी शेजारचे दार ठोठावावे लागते. गावातले लोक दोन्ही वेळा ‘वेगळे झाले’ एवढेच म्हणतात. खर्चाची वही उघडली की दोन्हींतला फरक कळतो.

गेम आपोआप खेळवणाऱ्या स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांच्या तोंडीही असेच एक वाक्य असते : ‘मी स्क्रिप्टच्या फायली वेगळ्या केल्या.’ त्याला जोडून पुढे ‘आणि गेम पळायला लागला’ असे येते, नाहीतर ‘आणि गेम अडखळायला लागला’ असे येते. दोघांचीही तक्रार किंवा फुशारकी बहुधा खरीच असते. एकाने फडताळ वेगळे केलेले असते, दुसऱ्याने चूल, आणि आपण नेमके काय केले याचा पत्ता दोघांनाही नसतो. पुढची सगळी प्रकरणे या एका फरकाभोवती फिरतात.

या विषयाला अजून धड नाव नाही. संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात तो मॉड्यूल, लिंकर, प्रोसेस अशा तीन-चार धड्यांत विखुरलेला आहे. गेम खेळणाऱ्यांकडे तो ऐकीव तोडग्यांच्या रूपात पोहोचतो. कॉलेजच्या वाटेने येणाऱ्याला गेम पोरखेळ वाटतो, आणि गेमच्या वाटेने येणाऱ्याला पुस्तक जड वाटते. दोघांनीही यावे, जागा भरपूर आहे. कॉलेजवाल्यांसाठी एक गोष्ट आधीच सांगतो. बँकेच्या किंवा रेल्वे आरक्षणाच्या सर्व्हरवर तुमच्या कोडने किती वेळ खाल्ला हे शोधायला वेगळी हत्यारे लागतात. गेममध्ये ते बिल समोर टांगलेले असते. मूळ माइनक्राफ्टचा सर्व्हर सेकंदाला २० टिकांनी, खेळाच्या हिशेबाच्या २० फेऱ्यांनी, चालतो, म्हणजे एका टिकेला ५० मिलिसेकंद. फॅक्टोरिओ सेकंदाला ६० टिका मारतो, म्हणजे जेमतेम १६.६७ मिलिसेकंद. त्याहून जास्त वेळ घेतलात की कारखान्यातले पट्टे डोळ्यांदेखत संथ होतात. इतकी प्रांजळ प्रयोगशाळा फुकटात मिळत असताना ती पोरांची म्हणून नाकारणे मला पटत नाही.

ऑटोमेशन म्हणजे कोणते, तेही सांगून टाकतो. जिथे स्क्रिप्ट लिहिणे हाच गेम आहे, किंवा गेमने मॉड आणि ॲडऑनला उघड दार ठेवले आहे, तिथलेच. चार माणसांशी स्पर्धा चालू असताना चोरून बॉट सोडणे हा या पुस्तकाचा विषय नाही. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने २००६च्या अखेरीस, २.० या आवृत्तीपासून, ॲडऑननी माणसाच्या वतीने आपोआप मंत्र टाकण्यावर कडक बंधने आणली. ते दार बंद झाल्याचे मला फारसे दुःख नाही.

आता थेट एका गेमच्या आत जाऊ. बिटबर्नर हा ब्राउझरमध्ये चालणारा गेम आहे, २०२१च्या डिसेंबरात तो स्टीमवरही आला. खेळाडू जावास्क्रिप्टमध्ये स्क्रिप्ट लिहून काल्पनिक कंपन्यांचे सर्व्हर फोडतो आणि पैसे उपसतो. गंमत अशी की गेमने प्रत्येक आज्ञेला रॅमची किंमत लावली आहे. कोणतीही स्क्रिप्ट, अगदी रिकामी असली तरी, १.६ जीबी खाते. पैसे उपसणारी ‘हॅक’ ही आज्ञा वापरलीत की ०.१ जीबी वाढतात. सर्व्हरचे पैसे पुन्हा वाढवणारी ‘ग्रो’ आणि त्याची सुरक्षा खाली आणणारी ‘वीकन’ यांचे प्रत्येकी ०.१५ पडतात. सर्व्हरवर किती पैसे आहेत, जास्तीत जास्त किती असू शकतात, सुरक्षा किती आहे, कमीत कमी किती होऊ शकते, असे चार प्रश्न विचारायचे म्हटले की प्रत्येकी ०.१. नवखा खेळाडू हे सगळे एकाच फाइलमध्ये, एका लूपमध्ये लिहितो. बेरीज येते २.४ जीबी. आणि ही किंमत दर थ्रेडला आहे. दहा थ्रेडांनी चालवलीत तर दहापट.

म्हणजे हॅक चालू असताना स्वस्थ बसलेल्या ग्रोचेही भाडे भरावे लागते. गेम स्क्रिप्ट चालवण्याआधीच ती वाचतो आणि तिच्यात कोणकोणत्या आज्ञांची नावे आहेत ते पाहून आकारणी करतो. कधीच खरी न होणाऱ्या अटीच्या पोटात एखादी आज्ञा लिहून ठेवली असली तरी तिचे पैसे लागतात. लग्नाला न येणाऱ्या पाहुण्याचेही ताट धरून केटररने बिल लावावे, तसे.

इथे फायली वेगळ्या करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात ग्रोचे फंक्शन दुसऱ्या फाइलमध्ये टाकायचे आणि मूळ फाइलमध्ये ‘इम्पोर्ट’ करायचे. कोड नीटनेटका दिसतो, रॅम मात्र एका कणानेही कमी होत नाही, कारण इम्पोर्ट केलेल्या फंक्शनची किंमत इम्पोर्ट करणाऱ्याच्याच खात्यावर पडते. हे झाले फडताळ. दुसऱ्या मार्गात हॅक, ग्रो आणि वीकन यांच्या दोन-तीन ओळींच्या स्वतंत्र स्क्रिप्ट करायच्या, आणि एक मुकादम स्क्रिप्ट त्यांना हवे तेव्हा कामाला लावते. आता कामकरी स्क्रिप्टची किंमत १.७ किंवा १.७५ जीबी. प्रश्न विचारण्याचे भाडे एकटा मुकादम एकदाच भरतो. १०२४ जीबीच्या सर्व्हरवर २.४ जीबीची एकत्र स्क्रिप्ट ४२६ थ्रेड चालते, १.७५ची कामकरी स्क्रिप्ट ५८५. ही चूल वेगळी झाली.

खेळाडू हा थ्रेडांचा फायदा मिरवतात. माझ्या मते खरी कमाई त्यात नाही, वेळेत आहे. ग्रोला हॅकच्या ३.२ पट वेळ लागतो आणि वीकनला ४ पट. समजा हॅकला १० सेकंद लागले, तर ग्रोला ३२ आणि वीकनला ४०. एका स्क्रिप्टमध्ये ही कामे एकामागून एकच होऊ शकतात, एक चालू असताना त्याच स्क्रिप्टमधून दुसरे सुरू करायला गेम मनाई करतो. हॅक, वीकन, ग्रो, पुन्हा वीकन असे एक आवर्तन १२२ सेकंदांचे होते. ही चार कामे वेगळ्या स्क्रिप्टमधून होत असतील तर सगळ्यांत लांबणारी वीकन आधी सोडायची, मग ग्रो, शेवटी हॅक, अशा बेताने की ती हव्या त्या क्रमाने पाठोपाठ संपतील. सगळे आवर्तन चाळीस-एक सेकंदांत आटोपते. पंगतीला वाढणारी बाई भात आधी टाकते आणि पापड शेवटी तळते, तोच हिशेब. फाइल वेगळी केल्याने काम वेगवान झाले असे म्हणताना इथे खरे तर एकाऐवजी चार हात मिळालेले असतात.

या मार्गाने मी एकदा फार पुढे गेलो. दर काही मिलिसेकंदांनी नवे आवर्तन सोडायचे, अशी मुकादम स्क्रिप्ट लिहिली आणि चहा करायला उठलो. परत आलो तेव्हा लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा वाजत होता आणि ब्राउझरची खिडकी गोठलेली होती. गेमच्या हिशेबात माझी रॅम अजून शिल्लक होती. माझ्या टेबलावरच्या यंत्राची संपली होती. गेमची रॅम हे खेळातले चलन आहे. पण प्रत्येक चालू स्क्रिप्ट ब्राउझरची खरीखुरी मेमरी आणि खरा वेळही खाते, आणि त्याची पावती गेम देत नाही. एकच कृती एका वहीत बचत म्हणून लिहिली जाते आणि दुसऱ्या वहीत उधळपट्टी म्हणून. ‘परफॉर्मन्स’ हा शब्द कुणीही उच्चारला की कुठल्या वहीतला, हे विचारायची सवय मला त्या चहापासून लागली.

विंडोजवर ज्यांनी ऑटोहॉटकी वापरले आहे त्यांना हाच फरक निराळ्या वेशात भेटेल. २००३ सालापासून असलेल्या या साधनात ‘इन्क्लूड’ लिहिले की दुसऱ्या फाइलचा मजकूर जणू त्याच ओळीवर टाइप केलेला आहे असे समजून स्क्रिप्ट सुरू होते. एक फाइल करा की वीस करा, सुरू झाल्यावर चालण्यात फरक नाही. शुद्ध फडताळ. पण वीस फायली वीस वेगळ्या स्क्रिप्ट म्हणून चालवल्यात तर वीस प्रोसेस उभ्या राहतात. त्यांतल्या ज्या कीबोर्डवर हुक लावून बसतात त्या प्रत्येकीच्या दारातून दाबलेले प्रत्येक बटण जाते. एकीने दार उघडायला वेळ लावला की पुढच्या सगळ्या ताटकळतात. उलट बाजूही आहे. एका ऑटोहॉटकी स्क्रिप्टमध्ये नवे बटण दाबले की आधीचे काम जिथल्या तिथे थबकते आणि नवे संपल्याशिवाय पुढे सरकत नाही. दोन कामे खरोखर बरोबरीने चालायला हवी असतील तर वेगळी प्रोसेस हाच सरळ उपाय. तेव्हा चूल वेगळी करणे वाईट, असा अर्थ कुणी काढू नये.

थोडे मागे जाऊ. प्रोग्रामचे तुकडे कसे पाडावेत यावर डेव्हिड पार्नास यांचा १९७२च्या डिसेंबरात ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’मध्ये आलेला निबंध आजही वाचला जातो. त्यांनी एक छोटी शब्दसूची बनवणारी प्रणाली घेतली आणि तिचे दोन तऱ्हांनी तुकडे करून दाखवले : एकदा कामाच्या पायऱ्यांनुसार, आणि एकदा कोणता निर्णय कुणापासून झाकून ठेवायचा यानुसार. दुसरी तऱ्हा चांगली, कारण एक निर्णय बदलला तरी बाकीचे तुकडे हलत नाहीत. एवढे सगळ्यांना पाठ असते. त्याच निबंधात त्यांनी हेही मान्य केले आहे की दुसऱ्या तऱ्हेत दर वेळी साग्रसंगीत फंक्शन-कॉल केला तर ती बहुतेकदा मंद पडेल, कारण या तुकड्यातून त्या तुकड्यात सतत ये-जा होते. त्यावरचा त्यांचा तोडगा मोठा समंजस होता. लिहिताना तुकडे वेगळे ठेवा, आणि यंत्रापुढे नेताना जिथे कॉल आहे तिथेच तो कोड भरून टाका. माणसाने वाचायची फाइल आणि यंत्राने चालवायची फाइल एकच असली पाहिजे, असा नियम कुठेही नाही. कार्यक्षमतेवर बोलताना हा परिच्छेद हमखास गळतो. तो का गळतो, हे मला आजवर उमगलेले नाही.

त्याच जातीचा तोडगा आज स्क्रीप्स खेळणारे रोज वापरतात. स्क्रीप्समध्ये तुमचे जावास्क्रिप्ट त्यांच्या सर्व्हरवर चालते, तुम्ही झोपलात तरी, आणि वर्गणी न भरणाऱ्याला दर टिकेला २० सीपीयू मिळतात. एक सीपीयू म्हणजे ढोबळमानाने एक मिलिसेकंद. न वापरलेले बादलीत साठतात, १०,००० पर्यंत, आणि गरजेला एका टिकेत ५०० पर्यंत काढता येतात. पुष्कळ खेळाडू डझनावारी फायलींत लिहितात आणि रोलअपसारखे अवजार वापरून एकच मोठी फाइल करून ती पाठवतात. पार्नास यांनी सुचवलेल्या बांधाबांधीच्या जवळची ही गोष्ट.

तिने वेग किती वाढतो? इथे मी थोडा पाण्याचा शिडकावा करणार आहे. ‘रिक्वायर’ केलेले मॉड्यूल पहिल्यांदा वाचले जाते, समजून घेतले जाते आणि मग स्मरणात राहते. पुढच्या टिकांना ते तयार मिळते. खर्च येतो तो कोड चालण्याचे सगळे वातावरण नव्याने उभे राहते तेव्हा, आणि नवा कोड चढवला की ते हमखास नव्याने उभे राहते. दर पाच मिनिटांनी कोड बदलणाऱ्या खेळाडूला त्यामुळे सतत पहिल्याच टिकेचे आकडे दिसतात, आणि तो बिचारा फायलींना दोष देतो. दुसरीकडे, जग बदलणारी प्रत्येक कृती – चालणे, खणणे, देणे – यशस्वी झाली की ०.२ सीपीयू घेते. खेळातल्या तुमच्या साठ प्राण्यांनी एकेक पाऊल टाकले की १२ सीपीयू गेले, विसांतले बारा. त्यापुढे फायली तीन की तीस हा वाद, घराला गळती लागलेली असताना दाराला कोणता रंग द्यावा, अशा जातीचा आहे.

लुआ भाषेत लिहिणाऱ्यांना मात्र फडताळाचाही थोडा खर्च येतो, आणि तो कळायला भाषेच्या पोटात शिरावे लागते. लुआ १९९३ साली रिओ दि जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात जन्मली. पोर्तुगीजमध्ये ‘लुआ’ म्हणजे चंद्र, गोव्यातल्या जुन्या पिढीला हे सांगावे लागणार नाही. लुआमध्ये प्रत्येक फाइल हे एक फंक्शन असते. फाइलच्या आत ‘लोकल’ म्हणून जाहीर केलेली वस्तू हाताशी असते, नाव शोधावे लागत नाही. तीच वस्तू दुसऱ्या फाइलमध्ये हवी झाली की ती एखाद्या टेबलमध्ये ठेवून नावाने शोधावी लागते. एकदा शोधायला काहीच लागत नाही. सेकंदाला ६० वेळा, हजार वस्तूंसाठी शोधले की लागते. उपाय जुना आहे : फाइलच्या माथ्यावर एकदाच टेबलमधून काढून लोकलमध्ये ठेवायचे. आणि फायली न तोडण्यालाही मर्यादा आहे. वॉरक्राफ्टची ॲडऑन लुआ ५.१ मध्ये चालतात, तिथे एका फंक्शनमध्ये २००हून जास्त लोकल बसत नाहीत. लांबच लांब फाइल लिहिणाऱ्याला एक दिवस भाषाच वेगळे व्हायला सांगते.

फॅक्टोरिओचे लवकर उरकतो, तिथला हिशेब सरळ आहे. एका मॉडच्या फायली सुरुवातीला एकदा वाचल्या जातात, खेळ चालू असताना नवी फाइल वाचायला परवानगीच नाही. पण प्रत्येक मॉडला स्वतःचे स्वतंत्र लुआ जग असते, आणि एका मॉडने दुसऱ्याला काही द्यायचे तर त्या मालाची नक्कल करून द्यावी लागते. म्हणून पन्नास फायलींचा एक मॉड बिनधास्त लिहावा, एकमेकांशी दर टिकेला बोलणारे पाच मॉड लिहू नयेत.

माइनक्राफ्ट मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तिथे फडताळ वेगळे केल्याने चक्क सरपण वाचते. २०१७च्या १.१२ आवृत्तीपासून त्यात फंक्शन-फायली आल्या. एका फाइलमध्ये आज्ञांच्या ओळी असतात आणि फाइल हेच फंक्शन. सारे झोंबी शोधून त्यांच्यावर दहा गोष्टी करायच्या आहेत, असे समजा. नवखा माणूस दहा ओळी लिहितो, आणि प्रत्येक ओळ ‘जेवढे झोंबी आहेत त्यांच्यासाठी’ अशी सुरू होते. गेम दहा वेळा सगळ्या प्राण्यांतून झोंबी वेचतो. त्याच दहा ओळी दुसऱ्या फाइलमध्ये नेल्या, आणि मूळ फाइलमध्ये ‘प्रत्येक झोंबीसाठी ती फाइल चालव’ एवढी एकच ओळ ठेवली, तर वेचणी एकदाच होते. फाइल वाढली, काम घटले. ही भाषा ‘इथून इथपर्यंतच्या ओळी मिळून एक’ असे म्हणायची दुसरी सोयच देत नाही, म्हणून फाइललाच ते काम करावे लागते.

सावधपणे एक गोष्ट पाहायला हवी. आधी पहिली आज्ञा सगळ्या झोंबींना लागू व्हायची, मग दुसरी सगळ्यांना. आता पहिल्या झोंबीच्या दहाही आज्ञा उरकतात, मग दुसऱ्याची पाळी येते. तिसऱ्या आज्ञेने झोंबी शेजाऱ्याला ढकलत असेल तर निकाल बदलेल. वेग वाढवताना आपण अर्थही बदलला, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही, आणि मग भलत्याच ठिकाणी दोष शोधत रात्र जाते.

मोजमापाविषयी पुढे स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथे एवढेच : पहिली फेरी आणि शंभरावी फेरी वेगळी मोजा, फाइल तोडताना त्याच हाताने दुसरे काही सुधारू नका, आणि आपल्याला हवा तो आकडा आला की लगेच मोजणी थांबवू नका. तिसरी चूक मी अजूनही करतो.

पहिला सराव आजच करून पाहण्यासारखा आहे. बिटबर्नर नव्याने सुरू करा. खेळातल्या तुमच्या घरच्या संगणकात ८ जीबी रॅम असेल. २.४ जीबीची एकत्र स्क्रिप्ट त्यात तीन थ्रेड चालेल. आता मघाचे शहाणपण वापरून ती तोडा. मुकादमाला मूळचे १.६, दुसरी स्क्रिप्ट चालवायच्या ‘रन’ आज्ञेचे १.०, चार प्रश्नांचे ०.४, म्हणजे ३.० जीबी लागतात. उरलेल्या पाचांत १.७५चे दोनच थ्रेड बसतात. तिनाचे दोन झाले. आणि कोपऱ्यात १.५ जीबी पडून राहिली, जिच्यात रिकामी स्क्रिप्टसुद्धा मावत नाही, कारण तिला १.६ लागते. आता १६ जीबीचा एक सर्व्हर फोडा, मुकादमाला घरीच बसवा, त्याला ‘रन’ऐवजी दुसऱ्या सर्व्हरवर स्क्रिप्ट चालवणारी, १.३ जीबीची ‘एक्झेक’ द्या, आणि पुन्हा मोजा.